सुपडू आबांची फुंक

सुपडू आबांना एखाद्याची तब्येत बघायची झाली की ते खिशातून काडेपेटी काढतात. एक काडी पेटवतात, हात लांब करून समोरच्याच्या तोंडापुढे धरतात आणि हुकूम सोडतात, "मारा फुक. व्हट आवयू नका, तोंड उघडं ठेवा."

ओठांचा चंबू न करता, नुसत्या छातीच्या जोरावर काडी विझवायची असते. करून बघा, वाटतं तितकं सोपं नाही. वीतभरावरून विझली तर तुम्ही 'कार्यकर्ता'. हातभरावरून विझली तर 'नगरसेवक'. दोन हातांवरून विझवली तर 'आमदार'. 'खासदार' निघेल असा माणूस त्यांना जळगाव शहरात अजून भेटायचा आहे. आणि नाहीच विझली, तर तुम्ही 'माजी'.

हा सगळा कार्यक्रम माझ्या मेडिकलच्या काउंटरवर चालतो. माझ्या मागच्या फळीवर स्पिरिटच्या बाटल्या, कापसाची बंडलं आणि सॅनिटायझर. पुढे आबा आणि पेटलेली काडी. बीपीच्या गोळ्या न्यायला आलेला माणूस इथून स्वतःला 'माजी' म्हणवून घेऊन घरी जातो, आणि घरी जाऊन त्याचं बीपी वाढतं. मी कितीदा सांगितलं, "आबा, दुकान पेटेल." ते म्हणतात, "पेटनार नही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या छातीत कुठं दम आहे? काडी विझत नही, दुकान काय पेटवतील?" या उत्तरात काहीतरी चूक आहे, पण ती काय हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

माझा स्वतःचा निकाल विचारू नका. मी 'कार्यकर्ता' निघालो, तोही 'नाराज कार्यकर्ता'. तेव्हापासून आबा मला नावाने हाक मारत नाहीत. "ओ मेडिकल" म्हणतात. मी बारावीनंतर फार्मसी केली, परवाना काढला, वडिलांच्या फोटोला हार घालून दुकान उघडलं, आणि माझं नाव पडलं मेडिकल.

आबा मूळचे जळगावशेजारच्या असोद्याचे. घर केळी-कपाशीचं. पण केळीच्या बागेला पाणी देता देता गावात कोणाच्या तरी लग्नाचा बँड ऐकू आला, आणि हा मुलगा पाणी तसंच वाहतं सोडून बँडच्या मागे गेला, तो गेलाच. उभा जन्म त्यांनी क्लॅरोनेट वाजवलं. लग्नाच्या वराती, श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुका, पुढाऱ्यांचे सत्कार, सगळं. अंगाने काडी, पण गाल मात्र दोन माणसांचे. बोलले नाहीत तरी तोंडात काहीतरी भरल्यासारखं वाटतं. माझ्या दुकानासमोर पिठाची गिरणी आहे, तिच्यावरच्या खोलीत ते एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला, कॉलनीत क्वार्टर आहे, सून चांगली आहे. तो दर दिवाळीला न्यायला येतो. आबा म्हणतात, "तिथी राख उडते, माह्या फुफ्फुसाले चालत नही." दिवसभर खालून येणारं गिरणीचं पीठ मात्र त्यांच्या फुप्फुसाला चालतं.

तब्येत, राजकारण आणि अल्बम. या तीन विषयांच्या बाहेर आबा पाऊल टाकत नाहीत. टाकलं तरी फिरून तिथेच येतात.

अल्बम म्हणजे कॅसेट. लोखंडी कपाटभर आहेत. कपड्यांना त्यात जागा नाही, कपडे खुंटीवर. टेपरेकॉर्डरचं झाकण रबराने बांधलेलं, आणि रीळ गुंडाळायला शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल. नवीन माणसाला वाटतं आबा काही लिहितात. या कपाटातून ते औषधं देतात. पित्त झालं तर संतूरचा निळ्या कव्हरचा अल्बम, ए साईड, उपाशीपोटी. पोट साफ होत नसेल तर ढोल-ताशाचा, बी साईड, कोमट पाण्याबरोबर. शुगरवाल्यांना गझल पूर्ण बंद. झोप येत नसेल तर एका जुन्या पुढाऱ्याच्या भाषणाची कॅसेट आहे, ती अर्धीच ऐकायची. "पुरी ऐकली त सकाई उठवाले मानूस लागते," असा इशाराही देतात.

एकदा एक बाई मायग्रेनची गोळी घ्यायला आल्या. आबांनी त्यांना सारंगीची कॅसेट दिली आणि दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच "बरं वाटलं" म्हणून सांगून गेल्या. माझी गोळी तशीच पडून राहिली. त्यानंतर आठवडाभर आबांनी मला दुकान चालवणं मुश्किल केलं.

मोबाईलवरच्या गाण्यांचा त्यांना राग आहे. "त्याले बी साईडच नही," म्हणतात. "ए साईडले जे गानं चालते ते समद्याइले माहीत असते. बी साईड ऐकाले उठा लागते, कॅसेट पलटा लागते. आता कोनी पलटत नही. म्हनून त समदे एकतर्फी झाले, तुमच्या टीव्हीवरच्या भांडनासारखे."

राजकारणाचा त्यांचा अभ्यास रस्त्यावरचा आहे. सगळ्या पक्षांच्या मिरवणुका वाजवल्यामुळे त्यांना पक्ष आठवत नाहीत, तब्येती आठवतात. अमक्याच्या गुडघ्यात वात होता, जीपवर उभा राहिला की ठेका सुटायचा. तमक्याला दम्याची सुरुवात होती, घोषणा अर्धी देऊन कार्यकर्त्यांकडे बघायचा. मतदानाचे त्यांचे नियम दोन. ज्याच्या माणसांनी वाद्यात गुलाल टाकला त्याला जन्मात मत नाही, कारण गुलाल क्लॅरोनेटच्या चामड्याच्या गाद्यांत शिरला की वाद्य दमेकरी होतं. आणि ज्याने बँडवाल्यांना पाणी विचारलं त्याला मत, मग तो कोणी का असेना. पहिल्या नियमात सगळेच बाद होतात, दुसऱ्यात कोणी सापडत नाही. तरी आबा दर निवडणुकीला धुतलेली टोपी घालून, सकाळी सकाळी रांगेत सगळ्यांच्या पुढे असतात.

आणि त्यांचा सगळ्यात आवडता अल्बम? त्यांच्याच बँडचा. धुळ्यात असताना त्यांच्या बँडने एकच कॅसेट काढली होती. भिंतींना गोधड्या टांगलेल्या एका खोलीत ती भरली. तिच्या ए साईडला तिसरी धून आहे, तिथे ट्रम्पेट जरा उशिरा येतं. ऐकणाऱ्याला चूक वाटते. आबा मात्र डोळे मिटतात आणि हात वर करून थांबतात. "आता पाहा. आता येईन. आला! असा उशिरा याले कायीज लागते, मेडिकल. समदी दुनिया वाट पाहून राह्यली, आन हा आरामात येते."

हा येणारा म्हणजे युनूसभाई. धुळ्याचा ट्रम्पेटवाला. एकाच बँडमध्ये हे दोघं खांद्याला खांदा लावून वाजवायचे. एका डब्यातलं जेवण, एका खाटेवरची झोप. लग्नाच्या पंगतीत आबांच्या पानातली जिलबी युनूसभाई खायचा आणि त्याच्या पानातली मिरची आबा. खान्देशात कुठेही या जोडीचं नाव काढलं तर जुने बँडवाले अजून मान हलवतात. असोद्याकडच्या बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे आबांच्या तोंडी धुळं नेहमी 'धुयं' असतं. दिवसातून दहा वेळा ते धुयं काढायचे. फक्त धुळ्याला जायचे नाहीत.

का जायचे नाहीत, हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. लाईट गेले होते, गिरणी बंद होती, दुकानात कोणी नव्हतं.

बँडमध्ये धून उचलायची ती क्लॅरोनेटने. क्लॅरोनेट मुखडा धरतं आणि मग बाकीचे त्याच्या मागे येतात. उचलणारा चुकला की अख्खा बँड चुकतो. आणि मतमोजणीच्या दिवशीचा एक रिवाज असतो. बँड बाहेर तयार उभा असतो, पण वाद्यं खाली. उमेदवाराचा माणूस आतून येतो, बँडमास्तरच्या कपाळाला गुलाल लावतो, आणि मगच विजयाची धून निघते. त्याआधी कोणी फुंक मारायची नाही.

एका तालुक्याच्या गावी ते असे उभे होते. सकाळपासून ऊन, प्रत्येक फेरीला कोणीतरी पळत यायचं, आपला पुढे आहे म्हणायचं. दुपारी आतून एकदम मोठा गलका उठला. गुलाल घेऊन कोणी आलं नव्हतं. पण आबांना राहवलं नाही. त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि धून उचलली. सगळा बँड मागून आला. विजयाची धून, पूर्ण जोरात.

गलका दुसऱ्या पक्षाचा होता. ज्याने बँड ठरवला होता तो पडला होता. तो उतरल्या तोंडाने बाहेर आला, आणि त्याचाच बँड त्याच्या पडण्याचा आनंद साजरा करत होता. त्याच्या माणसांना वाटलं, हे विकले गेले. ते धावून आले ते सरळ आबांवर. शेजारचा युनूसभाई अर्धं पाऊल पुढे सरकला. ट्रम्पेट त्याच्या ओठांवरच होतं, कारण ओळ संपली नव्हती, आणि ओळ अर्धी सोडायची त्याला सवय नव्हती. कोणीतरी समोरून ट्रम्पेटवर लाठी हाणली. युनूसभाईचे पुढचे दात गेले, वरचा ओठ फाटला.

क्लॅरोनेटवाल्याचं एखाद्या दातावाचून निभावतं. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले की ट्रम्पेटही गेलं.

"मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलतो," आबा म्हणाले. "जिन्यापावतर गेलो. वर गेलो नही. कोन्या म्हातारीले मोसंबी देऊन टाकल्या आन वापस आलो."

पुढच्या लग्नसराईत युनूसभाई बँडमध्ये परत आला. तोच लाल कोट, तीच पितळी बटणं, आणि हातात झांज. ज्याच्या ट्रम्पेटवर घोडे नाचायचे तो मागच्या रांगेत उभा राहून झांज वाजवू लागला. आबांनी ती एक वरात कशीबशी काढली आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता जळगावला निघून आले.

"मले त्याले येवढंच म्हनायचं व्हतं, माह्यावालं चुकलं. बस. तीन शब्द बी नही." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "समद्या दुनियेले फुका मारत फिरलो, पन येवढं तोंडातून निघालं नही."

मी म्हटलं, "मग चला की. धुळं काय लंडनला आहे? सकाळी बसून दुपारी परत."

त्यावर आबांनी जी कारणं दिली ती मी पुढे कित्येक वर्षं ऐकत आलो. आधी हायवेचं काम चालू होतं, धुळीने छाती भरते. काम झाल्यावर रस्ता गुळगुळीत झाला, तर गाड्या फार जोरात जातात. मग निवडणूक आली, या दिवसांत बाहेरगावी जाणं बरं नाही. निवडणूक झाल्यावर निकालाचं वातावरण तापलेलं. मग अखजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, त्या वेळी कोणी कोणाच्या घरी आपलं रडगाणं घेऊन जात नाही. मग कानबाई. मग पितृपक्ष. धुळ्याच्या पाण्याने गॅस होतो हे एक कारण तर बारमाही होतं. मी एकदा वैतागून म्हटलं, "आबा, पाण्याची बाटली बरोबर घेऊ." ते म्हणाले, "हवेचं काय करता?"

हसायचो मी. आता वाटतं, हसण्याऐवजी एक दिवस हात धरून बसमध्ये बसवलं असतं तर बरं झालं असतं.

दरम्यान आबांची छाती बिघडत चालली होती. छातीच्या डॉक्टरांनी क्लॅरोनेट बंद करायला सांगितलं. आबांनी डॉक्टरांना काडी विझवायला लावली, ते 'नगरसेवक' निघाले, म्हणून आबांनी त्यांचा सल्ला मानला नाही. इनहेलर मीच द्यायचो. ते घेऊन जायचे आणि खुंटीवर शर्टाशेजारी टांगून ठेवायचे. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचे आणि कोणी बघितलं तर खाली वाकून चपलेत काहीतरी शोधायचे.

मग एक दिवस खोकल्याचं औषध घ्यायला एक ट्रकवाला आला. आबांनी काडी धरली. गड्याने दोन हातांवरून विझवली, 'आमदार' झाला, आणि खुशीत येऊन म्हणाला, "आबा, आता तुम्ही मारा की!"

आबांनी काडी पेटवली आणि हात लांब केला. फुंक मारली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्यांनी हात जवळ घेतला. पुन्हा मारली. अजून जवळ. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा त्यांनी ती टाकली.

"काडी ओली व्हती," ते म्हणाले.

ट्रकवाला हसला. मी हसलो नाही. आबा थोडा वेळ काउंटरला धरून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेडिकल, उद्या धुय्याले येता का?"

सकाळच्या एसटीने निघालो. एरंडोलपर्यंत आबांनी ड्रायव्हरच्या मानेवरून त्याच्या यकृताचं निदान केलं. पारोळ्याला चहा घेताना पालिकेच्या राजकारणावर बोलले. पण मधूनमधून खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. पाठ करत होते. "गेल्या गेल्या म्हनून टाकतो," मला म्हणाले. "पानी प्याच्या आधी. पानी पेलं का मानूस ढिला पडते." धुळ्याच्या स्टँडबाहेर मी मोसंबी घ्यायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "मोसंबी नको. केयी घ्या." जळगावची माणसं धुळ्यात केळी विकत घेताना मी पहिल्यांदाच बघितली.

युनूसभाई दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आडवे, जाडजूड, दाढी पांढरी, आणि तोंडात पांढरीशुभ्र कवळी. आबांना बघून ते उठले नाहीत. मग अस्सल अहिराणीत म्हणाले, "काय रे सुपडू, आते ऊना का तू? माले वाटनं तू मरी गया व्हशी."

"युनूस," आबा म्हणाले. "मी काय म्हनतो..."

"पहिले पानी पी."

पाणी आलं. आबा प्याले आणि खरोखरच ढिले पडले.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तुझी शुगर किती, माझी किती. तुझं गुडघ्याचं काय, माझं डोळ्याचं काय. तिथून पुढारी निघाले. आबा कोणाची तरी बाजू घेऊ लागले तर युनूसभाईंनी हात झटकला, "बठ्ठा चोर शेतस, भो!" सगळे चोर आहेत, यावर दोघांचं एकमत झालं. मग अल्बम. ए साईड, तिसरी धून. आबा म्हणाले, "तिथी तू उशिरा आलता, पन काय आलता!" युनूसभाई एकदम तापले. "मी उशिरा ऊना नही! तूच घाई करस. तुले कायमनी घाई!"

बोलून गेले आणि थांबले. आबाही थांबले. मला कळलं, आता. आबांनी श्वास गोळा केला, गाल हलले, "युनूस, त्या दिवशी..."

"अगं ए, शेवभाजी झाली का?" युनूसभाई आतल्या दिशेने ओरडले.

शेवभाजी आली. भाभींनी भाकरी वाढल्या. युनूसभाईंनी कवळी काढली आणि शेजारच्या वाटीत ठेवली. "हिना वर जेवता येत नही, भो. ही फक्त दाखवाना करता शे." आबांनी ती वाटी बघितली. त्यांचा घास हातातच राहिला. "खाय!" युनूसभाई बोळक्या तोंडाने म्हणाले. "थंडी व्हई जाई." आबा खाली मान घालून जेवले. त्यांना आता तिखट चालत नाही, तरी रस्सा दोनदा घेतला.

युनूसभाई स्टँडवर पोचवायला आले. आबा मुतारीकडे गेले तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. माझ्याशी ते शुद्ध मराठीत बोलले.

"मेडिकलवाले भाऊ, तो काय बोलायला आलाय ते मला माहीत आहे. त्याला बोलू देऊ नका."

"का हो? त्यांचा जीव त्यातच अडकलाय."

"म्हणून तर. एकदा बोलला की त्याचं पोट रिकामं झालं. मग धुळ्याला कशाला येईल तो?" त्यांनी जिभेने कवळी जागेवर बसवली. "मी रागावलो होतो, नाही म्हणत नाही. दातांसाठी नव्हतो रागावलो. जिन्यावरून परत गेला म्हणून. माझ्या बायकोने बघितलं होतं त्याला खिडकीतून. दात तर पोराने बसवून दिले. सुपडू कुठून बसवून आणू? तुम्ही त्याला पुढच्या वेळी बोल म्हणून सांगा. दर वेळी तेच सांगा."

मी हो म्हटलं. आबा टोपी नीट करत येत होते, तेव्हा दुसरं काय म्हणणार?

परतीच्या बसमध्ये आबा टोपी मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरच्या यकृताकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. पारोळा आल्यावर म्हणाले, "राहूनच गेलं, मेडिकल."

"पुढच्या वेळी बोला," मी म्हटलं.

"हो. अखजी झाली का जाऊ."

अखजी झाली. पण जाणं झालं नाही. उन्हाळ्यात आबांना ॲडमिट करावं लागलं, आणि घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. आता ते खाली उतरत नाहीत, काउंटरवरचा काडीचा कार्यक्रमही बंद. मुलगा दीपनगरला चला म्हणून हात जोडतो. आबा त्याला सांगतात, या मशीनला तिथली राख चालत नाही. दुपारी जेवणासाठी दुकान बंद केलं की मी वर जातो. नळी नाकात, टेपरेकॉर्डर उशाशी, आणि माझा मोबाईल स्पीकरवर. रोज धुळ्याला फोन लागतो.

शुगर होते, पुढारी होतात, तिसऱ्या धुनेवरून भांडण होतं. मग आबा माझ्याकडे बघतात, सरळ होऊन बसतात आणि सुरू करतात, "युनूस, त्या दिवशी मोजनीले मी..." इथवर आलं की त्यांना दम घ्यावा लागतो. जोडीने वाजवणाऱ्यांना एकमेकांचा दम कुठे तुटतो ते पाठ असतं. आबा श्वास घ्यायला थांबतात, आणि नेमकं त्याच जागी युनूसभाई शिरतात. "अरे सुपडू, तुले सांगाना राहीच गया, काल काय व्हयनं..." आणि मग ते बोलतच राहतात. आबांना पुन्हा जागा सापडत नाही. ते हसतात, हसता हसता खोकतात, मी फोन बंद करतो आणि पाणी देतो.

मला रोज वाटतं की सांगावं. आबा, युनूसभाईंना सगळं माहीत आहे, तुम्ही जिन्यावर उभे होता तेही माहीत आहे. आबांनी एवढी वर्षं जे ओझं वाहिलं ते एका वाक्यात उतरेल. आणि रोज वाटतं की ते उतरलं तर उद्या दुपारी फोन कशासाठी लावायचा? मी औषधं विकणारा माणूस. काय दिलं तर काय होतं हे मला साधारण माहीत असतं. हे मात्र मला माहीत नाही, आणि चुकीचं दिलं तर परत घेता येणार नाही, म्हणून मी गप्प बसतो. याचं मला वाईट वाटतं.

काल फोन संपल्यावर आबा बराच वेळ डोळे मिटून पडले होते. झोपले असं समजून मी उठलो, तर माझी बाही धरली.

"मेडिकल, हा काही मले बोलू देत नही," ते म्हणाले. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "मी गेल्यावर तुम्ही जाजा धुय्याले. त्याले सांगजा, सुपडूवालं चुकलं व्हतं. तुम्ही नाराज कार्यकर्ता आहे, पन इमानदार आहे. सांगान ना?"

मी हो म्हटलं. धुळ्याच्या स्टँडवर युनूसभाईंनाही मी हो म्हटलेलं आहे.